भोगीपासून उलटं मोजा

गणपती गेले की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळाभर कुजलेली मुळं आणि गोगलगायी यांच्याच तक्रारी असतात. मग एकदम सगळ्यांना फ्लॉवर, गाजर, मटार हवे असतात. यंदाच्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मुलुंड पूर्वेला राहते आणि आमच्या चार मजली सोसायटीच्या गच्चीवर बावीस वर्षं भाजी लावते आहे. माहेर पेणजवळचं, भाताचं आणि वालाचं.

काकू, गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर नर्सरीतून फ्लॉवरची बारा रोपं आणली. पानं फार वाढलीच नाहीत आणि गड्डे आले ते लिंबाएवढे. तिथेच थांबले. कांदिवलीला पंधराव्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे, सकाळी चार तास ऊन येतं. मुंबईत फ्लॉवर येतच नाही का?

येतो गं, पण त्याची वेळ सांभाळावी लागते. मुंबईची थंडी ही रात्रीची थंडी आहे. जानेवारीत सांताक्रूझला पहाटे १६-१७ अंश असतात आणि त्याच दिवशी दुपारी पारा तिशीच्या वर. कुलाब्याला समुद्राच्या शेजारामुळे रात्र आणखी दोन-अडीच अंशांनी उबदार. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती, तोच तिथला आजवरचा नीचांक. म्हणजे भाज्यांना मानवणारी थंडी आपल्याला मिळते ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींची, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याची थोडी भर धरून. फेब्रुवारीत समुद्राकडचा वारा यायला दुपारी उशीर झाला, की त्या दिवशी ऊन अचानक चटकतं आणि कोबी-फ्लॉवर तिथेच खचतात.

म्हणून मी महिना बघून पेरत नाही, भोगीपासून उलटं मोजते. १३ जानेवारीला भोगीच्या भाजीत जे हवं असेल, त्याला लागणारे दिवस मागे मोजायचे. गाजराला नव्वद दिवस, म्हणजे दसऱ्याच्या आसपास बी पडायला हवं. नवलकोलाचं रोप लावल्यापासून पन्नास-साठ दिवस, म्हणजे रोप दिवाळीच्या आगेमागे कुंडीत जायला हवं. मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस, म्हणजे नोव्हेंबर संपतासंपता टाकला तरी चालतो. तुझी रोपं नोव्हेंबरअखेर आली, तिथेच महिना गेला होता.

दुसरी गोष्ट रोपाच्या वयाची. फ्लॉवरचं रोप पंचवीस-तीस दिवसांचं, चार-पाच पानांचं असताना हलवायचं. ट्रेच्या चिमुकल्या खणात ते दीड-दोन महिने अडकून राहिलं, उपाशी राहिलं, की आपण आता वाढणार नाही असं ठरवून घाईने गड्डा धरतं. तोच तुझा लिंबाएवढा गड्डा. शेतकरी त्याला बटनिंग म्हणतात. मीही एका वर्षी ओळखीच्या नर्सरीतून वीस रोपं घेतली होती. "ताजी आहेत" म्हणून सांगितलं होतं, घरी येऊन खणातून काढली तर मुळांची गच्च पांढरी गुंडाळी झालेली. वीसच्या वीस वाया गेली, फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोप घेण्याआधी त्याचं बूड दोन बोटांत धरून बघते. कोवळं रोप हिरवट असतं, किंचित लवतं. वय झालेलं रोप बुडाशी जांभळट आणि काडीसारखं टणक लागतं. ते फुकट दिलं तरी आणू नकोस.

तिसरी गोष्ट वाणाची. स्नोबॉल गटातल्या फ्लॉवरला गड्डा धरायला दहा ते सोळा अंश लागतात. ते नाशिककडे, उत्तरेकडे ठीक. आपल्याकडे लवकर येणारे वाण, पुसा मेघना किंवा पुसा दीपालीसारखे. ते वीस-पंचवीस अंशांतही गड्डा धरतात. नर्सरीवाल्याला वाणाचं नाव विचार. नाव सांगता आलं नाही तर बी घेऊन स्वतः रोपं कर, फार कठीण नाही. दुपारी अकरा ते चार जुन्या पांढऱ्या पंच्याची सावली मात्र हवी. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी ठणठणीत असलेलं रोप दुपारी मान टाकतं.

आणि माझं ऐकशील तर बारापैकी चारच फ्लॉवर लाव, बाकी आठ नवलकोल. चार तासांच्या उन्हात फ्लॉवर कुरकुरतो, नवलकोल कुरकुरत नाही. दहा इंची कुंडीत एक रोप पुरे. गाठ लिंबाएवढी दिसू लागली की दोन आठवड्यांत ती टेनिसच्या चेंडूएवढी होते, तेव्हाच काढायची, त्याहून मोठी केली तर आत दोरे होतात. पाला टाकायचा नाही. कोवळा पाला बारीक चिरून, हरभऱ्याची डाळ घालून त्याची भाजी करतात, आमच्याकडे गड्ड्यापेक्षा तीच आधी संपते.

गिरगावात चाळीत राहतो. वय ७८. खिडकीच्या ग्रिलमध्ये सहा कुंड्या मावतात. उन्हाळ्यात तिथे थोडं ऊन असतं, पण दिवाळीनंतर अजिबात येत नाही. समोर इमारत नाही, तरीही असं का? हिरवं काहीतरी स्वतः पिकवून खाण्याची इच्छा आहे.

तुमची खिडकी उत्तरेकडे असणार. २३ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जातो आणि थेट २१ मार्चच्या आसपास परततो. या सहा महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, समोर मैदान असलं तरी. दक्षिणेच्या खिडकीचं नेमकं उलटं होतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन पार खोलीत शिरतं. दक्षिणेची बाल्कनी असलेल्यांनी हिवाळी भाजी लावलीच पाहिजे, असं मला नेहमी वाटतं.

पण तुम्हाला निराश व्हायचं कारण नाही. तुमच्या खिडकीला शोभेल अशी भाजी खास मुंबईचीच आहे: समुद्रमेथी. मंडईत त्या बोटभर उंचीच्या, मुळांसकट बांधलेल्या इवल्या जुड्या मिळतात ना, वाळूत वाढवलेल्या, त्याच. ती दोन पानांवर असतानाच उपटायची असते, आणि तेवढी वाढ ती दाण्यातल्या शिदोरीवर करून घेते. म्हणून तिला भरपूर उजेड पुरतो, थेट ऊन लागतंच असं नाही.

स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाला. सकाळी ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी पांढरे कोंब डोकावले, की भोकं पाडलेल्या पसरट डब्यात तीन बोटं वाळू घालून तिच्यावर दाणे अगदी लागून-लागून पसरा. वर पातळ वाळू भुरभुरा. वाळू चौपाटीवरची घेऊ नका, ती खारट. बांधकामाची वाळू दोन-तीनदा धुतली की झालं. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. दहा-बारा दिवसांत बोटभर होते. दर चार दिवसांनी एक डबा पेरला तर सहा कुंड्यांच्या जागेत हिवाळाभर मेथी पुरेल. धुताना परातीत पाणी घेऊन मेथी वर तरंगवा आणि हलक्या हाताने उचला, वाळू तळाशी बसते. असं चार-पाच वेळा, दाताखाली कण येईनासा होईपर्यंत. मग भरपूर लसणीची, सुक्या मिरचीची फोडणी. तुमचा पहिला डबा तयार झाला की मला जरूर कळवा.

जोडीला लसणीची पात लावा. सोललेली नको, सालासकट पाकळी, टोक वर करून. आपल्याकडे कुंडीत लसणीचा कांदा चांगला भरत नाही, त्याला याहून जास्त थंडी लागते. पात मात्र पंधरा दिवसांत कापायला येते.

माझी लेक न्यू जर्सीला असते. तिने घरामागे पाच वाफे केले आहेत. म्हणते, "आई, इथे थंडी पडल्यावर केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) आणि गाजर गोड लागतं." हे खरं का? आणि मी ठाण्याला केल लावला तर तो गोड होईल? तिने आता ऑक्टोबरात काय लावावं?

लेकीचं अगदी खरं आहे. बर्फाळ रात्री येऊ लागल्या की केल, गाजर, कोबी ही झाडं आपल्या अंगातल्या पिष्टाची साखर करतात. साखर मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं, म्हणून पेशी फुटत नाहीत. झाड स्वतःच्या जिवासाठी साखर करतं आणि आपल्याला ती जिभेवर लागते. माझी भाची तिकडे असते, तिच्याकडे मी नोव्हेंबरात महिनाभर राहिले होते. सकाळी अंगणात गेलो तर केलच्या पानांच्या कडांना पांढरी साय धरलेली, पान हातात घेतलं तर काचेसारखं कडक. मला वाटलं गेलं झाड. दहा वाजता ऊन आलं, पान सैल पडलं आणि तासाभरात पुन्हा ताठ झालं. मी ते कच्चंच खाऊन पाहिलं आणि गोडी पटली.

ठाण्याला तुमचा केल येईल, ऑक्टोबरात बी टाकलंत तर डिसेंबरापासून पानंही काढता येतील. पण ती गोडी येणार नाही, कारण आपल्याकडे पाणी गोठत नाही. पान कोवळं, तळहाताएवढं असतानाच काढा आणि शिजवून खा.

तिच्याकडची अडचण निराळी आहे. तिकडे मध्य नोव्हेंबरापासून जानेवारीअखेरपर्यंत दिवस दहा तासांहूनही लहान असतो. तेवढ्या उजेडात झाडं जगतात, पण वाढत जवळजवळ नाहीत. म्हणून तिकडचे लोक हिवाळ्याची भाजी जुलै-ऑगस्टात पेरतात, नोव्हेंबरापर्यंत तिला पूर्ण वाढवतात, आणि मग वाफ्यातच ठेवून लागेल तशी काढतात. आपला सगळ्यांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा, त्यामुळे आपण ऐन डिसेंबरात पेरू शकतो. म्हणून इकडचं वेळापत्रक तिला सांगू नका आणि तिकडचं पाहून तुम्ही पेरू नका.

ऑक्टोबरात तिने दोन गोष्टी लावाव्यात. एक लसूण. पाकळ्या दोन इंच खोल, वर झाडांच्या वाळक्या पानांचा किंवा गवताचा जाड थर. बर्फाखाली राहील आणि पुढच्या जुलैत भरलेला कांदा देईल. दुसरी विलायती पालक. आपण मुंबईत ज्याला पालक म्हणतो तो बिटाचा भाऊबंद, तिकडचा स्पिनॅच निराळ्या जातीचा आणि थंडीला फार चिवट. आता पेरून वर पांढरं पातळ आच्छादनाचं कापड टाकलं, तर लहान रोपं हिवाळा काढतात आणि बर्फ वितळताच सगळ्यांच्या आधी वाढू लागतात.

ताई, गाजराला दोन-तीन पाय फुटतात, कधी चार. असं का?

मुळाला वाटेत काही आडवं आलं की ते फुटतं. खडा, मातीचं ढेकूळ, किंवा न कुजलेलं शेणखत. गाजरासाठी माती चाळून घ्या, खत आधीच्या पिकाला घातलेलं असू द्या. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका, बी जागच्या जागीच टाका. पिशवी निदान बारा इंच खोल हवी. मुंबईला पुसा केसर हे लाल गाजर जास्त मानवतं.

आमच्या भांडुपच्या गच्चीवर कोबी आणि मोहरीवर दरवर्षी मावा पडतो. औषध मारायचं नाही असं ठरवलं आहे, कारण नातवंडं तिथेच खेळतात. पण मग पीकच हाती येत नाही. शिवाय सोसायटी म्हणते की मातीच्या वजनाने गच्ची गळेल.

मावा पानाच्या वरच्या बाजूला शोधू नका. पान उलटं करा, मधल्या शिरेच्या खाचेत बघा. कोबीवरचा मावा राखाडी असतो, अंगावर पीठ उडाल्यासारखा, आणि रांगेने चिकटून बसतो. पहिले पंधरा-वीस दिसले त्याच दिवशी ओल्या बोटाने पुसून टाका. आठ दिवस उशीर केला तर पान आतल्या बाजूला वळतं आणि मग आत काहीच पोचत नाही.

पुसण्यापलीकडे गेला तर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, किंचित साबणाचं पाणी मिसळा. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. काढणी करताना पानं नेहमीसारखी नीट धुवा. हिवाळ्यात बांधकामांची धूळ पानांवर इतकी बसते की धुण्यावाचून इलाज नसतोच.

फवारण्याआधी मात्र एकदा नीट बघा. माव्यात काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सहा पायांची, चिमुकल्या मगरीसारखी अळी फिरत असेल तर हात आवरा. ती लेडीबर्डची पिल्लं. लोक तिलाच आधी मारतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. ती दिवसभर मावाच खाते. आमच्या गच्चीवर एका कुंडीत मी मोहरी मुद्दाम फुलायला सोडते, मावा आधी तिच्यावर जातो आणि लेडीबर्ड तिथेच वाढतात.

वजनाबद्दल सोसायटीचं म्हणणं मनावर घ्या, ते चुकीचं नाही. नुसती लाल माती भरू नका. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मागून आणा. डॉ. आर. टी. दोशींनी मुंबईत गच्चीवरच्या शेतीसाठी चिपाडांचाच आधार घेतला होता. चिपाडं चार-पाच दिवस उन्हात वाळवा, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात. बादलीचा खालचा अर्धा भाग चिपाडांनी दाबून भरा, वर माती, शेणखत आणि पालापाचोळा. हे लावणीच्या महिनाभर आधी करा, कारण चिपाडं कुजताना आधी तापतात. आणि बादल्या जमिनीवर टेकवू नका, खाली विटा द्या, म्हणजे पाणी साचत नाही आणि गच्ची झाडता येते.

आजी, आमच्या घरी भोगीच्या भाजीत वालपापडी, हरभऱ्याचे ओले दाणे, गाजर, वांगं, बोरं, तीळ असं सगळं पडतं. मी कॉलेजात शिकते, गोरेगावला राहते. यंदा त्यातलं एकतरी स्वतः पिकवून आईला द्यायचं आहे. सोपं काय?

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला बाळ. वाल आणि हरभरा, दोन्ही लाव.

वाल हा आपल्याच मातीचा. त्याला थंडीपेक्षा लांब रात्र लागते. रात्र मोठी होऊ लागली की त्याला फुलं येतात. आमच्या गावी भात कापलं की त्याच शेतात, जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल टाकायचे, वरून पाणी नाही. वडील मातीची मूठ दाबून बघायचे. मुठीचा लाडू मोडला नाही तर वाल टाकायला हरकत नाही असं म्हणायचे. जानेवारीत त्याच शेंगांची पोपटी लागायची, म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा विस्तवावर भाजायच्या. गच्चीवर ती ओल टिकत नाही, म्हणून कुंडीला पाणी द्यावं लागतंच, पण हात राखून. जास्त पाण्याने वेल माजतो आणि शेंग धरत नाही. वेल चढवायला जागा नसेल तर कोकण भूषण नावाचा वाण बघ, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. तो बुटका असतो, मांडव लागत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच टाक, भोगीला शेंगा मिळायच्या तर तेवढे दिवस हवेत.

हरभऱ्याला बियाण्याचं दुकान शोधायची गरज नाही. घरातले देशी, लहान, तपकिरी हरभरे घे. काबुली नको. रात्रभर न भिजवता, चार तास भिजवून टाक. बारा इंची कुंडीत पाच दाणे, दोन इंच खोल. वीतभर झाला की शेंडे खुडायचे. हे काम मला सगळ्यांत आवडतं. नखाने टोक मोडलं की बोटाला किंचित ओलं, चिकट लागतं, आणि बोट जिभेला लावलं तर लख्ख आंबट. ती हरभऱ्याची आंब. गावाकडे पहाटे शेतावर धोतर फिरवून, ते पिळून आंब गोळा करायचे आणि पोटदुखीला द्यायचे. खुडलेल्या शेंड्यांची भाजी कर, आणि खुडल्याजागी फांद्या फुटतात, त्यांवर जास्त घाटे लागतात. हे खुडणं फुलं येण्याआधीच, दोनदा. फुलं दिसली की हात लावू नकोस आणि पाणीही कमी कर.

एका कुंडीतून ओंजळभर दाणेही निघणार नाहीत, हे आधीच सांगते. म्हणून निदान सहा कुंड्या लाव. घाट्यांना गोल भोक दिसलं तर आत घाटेअळी आहे, सकाळी लवकर शोधून वेचून काढ. गोरेगावला नॅशनल पार्कच्या बाजूला राहत असशील तर तुझ्याकडे रात्र थोडी गार मिळेल, पण पोपटही येतील. घाटे भरायला लागले की त्यांना बरोबर कळतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुंड्यांवर जुनी मच्छरदाणी टाक, कडा विटांनी दाबून ठेव, आणि पाणी घालून झालं की ती पुन्हा नीट लाव.